मिंट टाकताना मध्येच 'एरनो ५' येतं? डिस्क बदलण्याआधी आयएसओ तपासा

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकायची म्हणून तिची आयएसओ, म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली इन्स्टॉलेशनची फाइल, पेनड्राइव्हवर लिहिलेली असते. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो. मिंटचा लोगो येतो, डेस्कटॉप येतो, फायरफॉक्ससुद्धा उघडतो. मग 'इन्स्टॉल लिनक्स मिंट'वर डबल क्लिक करायचं, भाषा, कीबोर्ड, वायफाय, डिस्क, सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. फाइली कॉपी होण्याची पट्टी सरकायला लागते आणि निम्म्या वाटेवर एक चौकट उभी राहते: एरनो ५, इनपुट/आउटपुट एरर. खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर असतो. सीडी किंवा डीव्हीडी खराब असेल, किंवा हार्ड डिस्क खराब असेल, सीडी पुसून बघा, कमी वेगाने बर्न करून बघा, वगैरे.

आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. मग वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच शब्द राहतो, हार्ड डिस्क. आणि तो दुकान गाठतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. घरोघरी २०१५-१६ सालचे धडधाकट लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. तेव्हापासून 'मिंट टाकून बघू' म्हणणारे बरेच जण माझ्याकडे येतात आणि त्यातले कितीतरी या चौकटीपाशी अडकलेले असतात. माझ्यापर्यंत आलेल्या अशा मशीनपैकी बहुतेकांची डिस्क ठणठणीत होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

(कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग, सगळं लहान अक्षरांत.)

भाच्याच्या लॅपटॉपचं काय झालं

माझ्या मावसबहिणीचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "मामा, तीनदा टाकून बघितलं, तीनही वेळा तिथेच अडकतंय. दुकानवाले म्हणतायत डिस्क गेली, नवीन टाकावी लागेल." मी त्याला एवढंच विचारलं, "आयएसओ कुठून घेतलीस आणि तपासलीस का?" घेतली होती अधिकृत साइटवरूनच. तपासणं म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून डाउनलोड केलेली फाइल. मिंट २२ची सिनॅमन आवृत्ती पावणेतीन जीबीच्या वर जाते आणि त्याला दिवसाला २ जीबी डेटा. म्हणजे रात्री अकरा वाजता अर्धी झाली, डेटा संपला, बारानंतर नवा डेटा मिळाल्यावर ब्राउझरमध्ये 'रिझ्यूम' केलं, मध्ये एकदा रेंज गेली, परत रिझ्यूम. शेवटी फाइल पूर्ण झाली. आकार बघितला तर साइटवर दिलाय तेवढाच. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

मी त्याला चेकसम काढायला लावला, म्हणजे फाइलच्या आतल्या ऐवजावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण. ६४ अक्षरांची ओळ आली. साइटवरची ओळ शेजारच्या खिडकीत उघडून तो मला फोनवर वाचून दाखवायला लागला. पहिली चार अक्षरं ऐकूनच कळलं, जुळत नाही. आकार तोच, नाव तेच, आतला ऐवज वेगळा.

डेस्कटॉप चालतो, मग इन्स्टॉलेशनच का अडतं?

सगळा घोळ इथेच आहे. माणूस म्हणतो, "फाइल खराब असती तर डेस्कटॉप आलाच नसता ना?" प्रश्न बरोबर वाटतो, पण आयएसओच्या आत काय असतं ते बघितलं की उत्तर मिळतं.

आयएसओ म्हणजे एका अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा. हे नाव आयएसओ ९६६० या सीडीसाठीच्या १९८८च्या प्रमाणावरून पडलं. म्हणूनच इन्स्टॉलर अजून सीडी पुसायला सांगतो. मिंटच्या आयएसओत सुरुवातीचा मेनू, कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि सुरुवातीला लागणाऱ्या काही फाइली असतात. या सगळ्या मिळून तुलनेने लहान. बाकी जवळजवळ सगळी जागा 'कॅस्पर' नावाच्या फोल्डरमधली एकच अगडबंब फाइल खाते, 'फाइलसिस्टम डॉट स्क्वॉशएफएस'. अख्खी ऑपरेटिंग सिस्टम त्यात दाबून भरलेली असते.

पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप चालवताना त्या मोठ्या फाइलचे लागतील तेवढेच तुकडे वाचले जातात. फायरफॉक्स उघडलात तर फायरफॉक्सचे. लिब्रेऑफिस उघडलंच नाही तर त्याच्या तुकड्यांना कुणी हातही लावत नाही. इन्स्टॉलर मात्र ती फाइल पहिल्यांदा सबंध वाचतो, कारण त्याला सगळंच डिस्कवर उतरवायचं असतं. खराब तुकडा आला की तिथे थांबतो. पोत्याच्या तोंडाशी मूठभर गहू चांगला दिसला म्हणून तळाशी कीड नाही असं होत नाही, तसंच हे.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आयएसओ उतरली की पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी तिचा चेकसम जुळवा. पाच मिनिटं लागतात. दोन रात्री वाचतात.

चेकसम कसा जुळवायचा

विंडोजवर वेगळं काही उतरवावं लागत नाही. आयएसओ ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा: सर्टयूटिल, मग स्पेस, मग डॅशला चिकटून हॅशफाइल, स्पेस, फाइलचं पूर्ण नाव, स्पेस, एसएचए२५६. जुन्या लॅपटॉपवर मिनिटभर काहीच हलत नाही, घाबरू नका, तो अख्खी फाइल वाचत असतो. मग ०ते९ आणि ए ते एफ एवढ्याच चिन्हांची ६४ अक्षरी ओळ येते. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव. मिंट आधीच चालू असलेल्या मशीनवर तर आयएसओवर राइट क्लिक केलं की पडताळणीचा पर्याय मिळतो.

ती ओळ डाउनलोडच्या पानावर दिलेल्या चेकसमच्या फाइलमधल्या ओळीशी जुळवायची. डोळ्यांनी जुळवताना पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं बघितली तरी बिघडलेली फाइल पकडली जाते, कारण फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सगळी ओळच पालटते. तरी मी सांगेन, दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक पेस्ट करा. एका नजरेत कळतं.

हे फक्त तुटक्या डाउनलोडपुरतं नाही. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक मागचं दार बसवलेल्या आयएसओकडे वळवलेली होती. प्रकल्पाच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाहीर केलं. त्यासोबत दिलेल्या खऱ्या चेकसमशी फाइल जुळवून आपल्या हातात काय आलंय ते ओळखता येत होतं. साइटच ताब्यात गेली तर तिथला चेकसमही बदलता येतो, म्हणून चेकसमच्या फाइलसोबत तिच्यावरची डिजिटल सही देतात. जीपीजी वापरून ती सही तपासायची पद्धत मिंटच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेत दिली आहे. शाळेच्या, बँकेच्या किंवा दवाखान्याच्या मशीनवर टाकत असाल तर ती पायरी गाळू नका.

जुळला नाही तर पुन्हा तीन जीबी?

नाही! ही युक्ती फार कमी जणांना माहीत आहे आणि डेटा मोजून वापरणाऱ्यांना तिचा खरा उपयोग आहे.

अधिकृत पानावर त्याच आयएसओची टॉरेंट फाइलही असते. टॉरेंट म्हणजे मोठी फाइल अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी आणायची सोय. क्यूबिटटॉरेंटसारखा प्रोग्रॅम घ्या, टॉरेंट जोडा, आणि 'कुठे साठवायचं' तिथे तुमची बिघडलेली आयएसओ जिथे पडली आहे तोच फोल्डर द्या. नाव अक्षरशः तेच हवं. ब्राउझरने मागे कंसात १ वगैरे लावलं असेल तर आधी काढून टाका. मग त्या टॉरेंटवर राइट क्लिक करून 'फोर्स रीचेक'. टॉरेंटमध्ये फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश, म्हणजे त्या तुकड्यापुरता चेकसम, असतो, त्यामुळे प्रोग्रॅम हातातली फाइल तुकड्यातुकड्याने तपासतो, चांगले तुकडे ठेवतो आणि फक्त खराब तेवढे नव्याने आणतो.

भाच्याच्या फाइलचं रीचेक झालं तेव्हा पट्टी ९९ टक्क्यांच्या पुढे जाऊन थांबली. उरलेले थोडे एमबी दोन मिनिटांत आले. चेकसम पुन्हा काढला, या वेळी ६४च्या ६४ अक्षरं जुळली. तेवढ्या मूठभर तुकड्यांपायी डिस्क बदलायची गोष्ट चालली होती.

आयएसओ चांगली, मग पेनड्राइव्ह

चेकसम जुळला, तरी एरर येतेच, असं झालं तर आता पेनड्राइव्हकडे वळायचं.

सगळ्यात आधी, आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही. ती 'लिहावी' लागते, म्हणजे त्या प्रतिमेचा बाइटनबाइट पेनड्राइव्हवर उतरवावा लागतो. कॉपी करणाऱ्यांना एरनो ५ दिसणारच नाही, त्यांचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरूच होणार नाही. आणि उबंटू २४.०४ची सहा जीबीच्या घरातली आयएसओ कॉपी करायला गेलात तर एफएटी३२ असलेला पेनड्राइव्ह 'फाइल फार मोठी आहे' म्हणून नाकारेल, कारण त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. तो पेनड्राइव्हचा दोष नाही.

लिहायला मी एचर हा प्रोग्रॅम सुचवतो, एकाच कारणासाठी. लिहून झाल्यावर तो पेनड्राइव्ह परत वाचून मूळ फाइलशी जुळवतो. ही 'व्हॅलिडेटिंग'ची पायरी कंटाळून 'स्किप' करू नका. खराब पेनड्राइव्ह तिथेच उघडा पडतो. रूफसही उत्तम आहे. तो आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतो. एकाने जमलं नाही तर दुसऱ्याने पुन्हा लिहा.

लिनक्सवरून डीडी या कमांडने लिहिणाऱ्यांनी आधी 'एलएसबीएलके' चालवून पेनड्राइव्हचं नाव खात्रीने ओळखावं. १६ किंवा ३२ जीबीच्या आसपासचा आकार दिसतो तो आपला. लिनक्स डिस्कना आणि पेनड्राइव्हना एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. एसडीएच्या जागी एसडीबी किंवा उलट झालं तर घरातले फोटो, दहावीचे निकाल, सगळं क्षणात पुसलं जातं, आणि डीडी एकदाही विचारत नाही. पेनड्राइव्ह एसडीबी असेल तर लिहायचं ते अख्ख्या एसडीबीवर, एसडीबी१ या त्याच्या एका विभागावर नाही. आणि 'सिंक' कमांड देऊन ती परत येईपर्यंत पेनड्राइव्ह उपसू नका. पट्टी शंभर टक्के दाखवत असली तरी बराच डेटा अजून रॅममध्ये असतो, आणि अशा अर्धवट लिहिलेल्या पेनड्राइव्हवरही हेच एरनो ५ येतं. लिहिलेलं तपासायचं असेल तर 'सीएमपी' कमांडला आयएसओ आणि एसडीबी अशी दोन्ही नावं द्या. 'आयएसओची फाइल संपली' एवढाच संदेश आला तर सगळं जुळलं. कुठला बाइट वेगळा ते सांगितलं तर लिखाण चुकलंय.

लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की 'फॉरमॅट करायचा का?' असं विचारतो. नाही म्हणा. तो बिघडलेला नाही, विंडोजला त्याची मांडणी समजत नाही एवढंच.

बाजारातल्या स्वस्त पेनड्राइव्हचंही एक सांगतो. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत ८ जीबीची चिप असे प्रकार खरोखर असतात. ते लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना भलतंच देतात. शंका असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ या साधनाने अख्खा पेनड्राइव्ह भरून तपासा. वेळ लागतो, पण पेनड्राइव्हची खरी जागा कळते.

आणि पोर्ट बदलून बघा. हबमधून लावला असेल तर थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला. पुढच्या पोर्टांना आत लांब वायर गेलेली असते आणि ती सैल झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

खरा दोषी कोण, ते मशीनलाच विचारा

आता डिस्कचा प्रश्न. अंदाज करायची गरजच नाही, कर्नल स्वतः सांगतो. एरर आली की ती चौकट तशीच ठेवा, टर्मिनल उघडा, 'सुडो डीमेसेज' चालवा (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी). पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह डेस्कटॉपवर पासवर्ड मागत नाही. शेवटच्या लाल ओळी वाचा.

'स्क्वॉशएफएस एरर' किंवा 'लूप०' असे शब्द असतील, तर वाचताना आयएसओच्या बाजूला घोळ झाला: फाइल किंवा पेनड्राइव्ह. 'आय/ओ एरर, डेव्ह' आणि पुढे पेनड्राइव्हचं नाव असेल तर पेनड्राइव्ह किंवा पोर्ट. पुढे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचं नाव असेल, जुन्या मशीनवर बहुधा एसडीए, नव्यांवर एनव्हीएमई०एन१, आणि त्यापुढे सेक्टरचा आकडा, तर मग डिस्ककडे संशय घ्यायला खरं कारण आहे. कुठलं नाव कुणाचं, ते एलएसबीएलके चालवून पक्कं करा. तेव्हा मेनूतलं 'डिस्क्स' उघडा, डिस्क निवडा आणि स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांची, माहिती बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' हे आकडे शून्य असायला हवेत. वाढत चालले असतील तर डिस्क बदलाच, आणि त्याआधी डेटा काढून घ्या.

आणखी एक खूण मी नेहमी विचारतो: प्रत्येक वेळी त्याच टक्क्याला अडकतंय की वेगवेगळ्या? त्याच जागी अडत असेल तर बहुतेक वेळा फाइलमधला किंवा पेनड्राइव्हवरचा एकच ठरावीक तुकडा खराब असतो. कधी ३० टक्क्यांना, कधी ७०ला, कधी डेस्कटॉपच गोठतो, असं असेल तर पोर्ट, सैल पेनड्राइव्ह किंवा रॅम. रॅमसाठी बऱ्याच आयएसओंच्या सुरुवातीच्या मेनूतच 'मेमरी टेस्ट' असते. रात्री लावून ठेवा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी ती रॅम विश्वासाची नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून तपासा.

भाच्याच्या बाबतीत तीनही वेळा तिथेच अडकत होतं, आणि डीमेसेजमध्ये एकामागून एक स्क्वॉशएफएसच्याच ओळी होत्या. एसडीएचा उल्लेखही नाही. स्मार्टचे दोन्ही आकडे शून्य.

अडकलेल्या इन्स्टॉलेशननंतर जपून

हे आधीच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल, तर बरोबर आहे. इन्स्टॉलर फाइली कॉपी करण्याआधी डिस्कची विभागणी लिहून टाकतो. म्हणजे तुम्ही 'डिस्क पुसा आणि मिंट टाका' निवडलं असेल, तर एरनो ५ येईपर्यंत जुनं विंडोज गेलेलं असतं. रीस्टार्ट करून ते परत येणार नाही. पुसलेल्या विभागात महत्त्वाचं काही होतं असं तेव्हा लक्षात आलं, तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. 'टेस्टडिस्क' या साधनाने आधी शोधा, कारण प्रत्येक नवा प्रयत्न त्या जागेवर नवं लिहितो. आणि ज्यांनी अजून सुरुवातच केली नाही त्यांनी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढूनच बसावं.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणाऱ्यांनी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघावं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, मगच बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे बदला.

बाकीच्या अडचणी वेगळ्या आहेत, पण लोक त्या या एररशी मिसळतात म्हणून थोडक्यात. पेनड्राइव्ह बूट मेनूतच दिसत नसेल तर विंडोजमधून 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा आणि मग बूट मेनूची की दाबा; फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन पूर्ण होत नाही. लोगोनंतर स्क्रीन काळी झाली तर मिंटच्या मेनूत 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. डिस्कच्या पानावर डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी'वर आहे का ते बघा. 'सिक्युरिटी व्हायोलेशन' आलं तर सिक्युअर बूटचं प्रकरण आहे. त्यात आधी नव्यात नवी आयएसओ घेऊन बघा.

दुरुस्त झालेली आयएसओ, एचरने लिहिलेला आणि पडताळलेला पेनड्राइव्ह, आणि तोच जुना लॅपटॉप. पट्टी गेल्या तीन वेळच्या जागेपाशी आली तेव्हा भाचा काही बोलला नाही, मीही नाही. ती पुढे सरकली. साधारण वीस मिनिटांनी रीस्टार्ट मागितलं. काळ्या पडद्यावर पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा, अशी ओळ आली. तो म्हणाला, "मामा, काढू?" मी म्हटलं, "काढ."